वाळूंत पुरलेली मोटार

ज्या वस्तूमुळें माणसाचा अपमृत्यु घडला ती पुन्हा डोळ्यांसमोर येऊं नये, अशी भावना सर्व देशांत आढळते. पोर बुडालें ती होडी बाप पुन्हा पाण्यांत लोटीत नाहीं. कोणीं जीव दिला त्या विहिरीवर बायका घागर घेऊन जात नाहींत. वेल्समधील पेंडाइन नांवाच्या समुद्रकांठच्या खेड्यांत १९२७ सालच्या मार्च महिन्यांत लोकांनीं असेंच केलें. मात्र तेथें दृष्टीआड करावयाची वस्तु होडीहून पुष्कळ अवजड होती. ती एक मोटार होती, आणि आदल्याच वर्षीं ती जगांतील सर्वांत वेगवान मोटार ठरली होती. वाळूच्या टेकड्यांत मोठा खड्डा खणून ती त्यांत ढकलली व वरून वाळू लोटली. बेचाळीस वर्षें ती तेथेंच राहिली. १९६९ सालीं एका शिक्षकानें ती उकरून काढली आणि पुढचीं सुमारें पंधरा वर्षें खर्चून तिला पुन्हा चालती केली.

ह्या मोटारीचें नांव बॅब्स. नांव एखाद्या लाडक्या मुलीला शोभावें असें; परंतु तिचें रूप मात्र तसें मुळींच नव्हतें.

बॅब्स ही एकाच माणसाच्या हातची नव्हे. तिचा पहिला कर्ता काउंट लुई झ्बोरोव्स्की. नांवानें पोलिश, शिक्षणानें इंग्रज, आणि आईकडून अमेरिकेंतील ॲस्टर ह्या कोट्यधीश घराण्याशीं नातें, असा हा तरुण केंट परगण्यांत कँटरबरीजवळच्या हायम पार्क ह्या वाड्यांत राहत असे. पहिलें महायुद्ध संपल्यावर विमानांचीं इंजिनें स्वस्तांत मिळूं लागलीं होतीं. तीं घेऊन मोटारींच्या सांगाड्यांवर बसविण्याचा त्याला नाद लागला. त्याच्या ‘चिटी बँग बँग’ नांवाच्या मोटारी त्या काळीं फार गाजल्या. इयन फ्लेमिंगनें १९६४ सालीं मुलांसाठीं जी गोष्ट छापली तिचें नांव ह्या मोटारींवरूनच आलेलें आहे.

त्यानें शेवटीं बांधावयास घेतलेल्या मोटारीस ‘हायम स्पेशल’ म्हणत. तिच्यांत अमेरिकन बनावटीचें लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन होतें. ह्या इंजिनाची जन्मकथाहि ऐकण्यासारखी आहे. अमेरिका महायुद्धांत उतरली तेव्हां तिच्याजवळ पुरेशा शक्तीचें स्वतःचें विमान-इंजिन नव्हतें. १९१७ सालीं जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल ह्या दोन इंजिनियरांना वॉशिंग्टनमधील एका हॉटेलांत बसविण्यांत आलें, आणि त्यांनीं आठवड्याच्या आंत त्याचे मूळ नकाशे तयार केले. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन ओळी, एकूण आकारमान सुमारें २७ लिटर, आणि शक्ति चारशें घोड्यांच्या घरांत. चौकोनी कुटुंबाला पुरणाऱ्या मोटारीचें इंजिन एक-दीड लिटरचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या धुडाची कल्पना येईल. इंजिन नवें, पण त्याची शक्ति चाकांपर्यंत नेण्याची योजना जुनी होती. गिअरपेटी महायुद्धापूर्वींच्या एका बेन्झ शर्यतीच्या मोटारीची होती, आणि तिच्यापासून मागच्या चाकांपर्यंत दोन बाजूंनीं दोन साखळ्या जात असत. सायकलीची साखळी प्रत्येकानें पाहिलेली आहे. तीच रचना, पण प्रचंड प्रमाणावर. ह्या साखळ्या श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढें सारा वाद त्यांच्याचभोंवतीं फिरला.

झ्बोरोव्स्कीला ही मोटार घेऊन विक्रम करण्याची सवड मिळाली नाहीं. १९ ऑक्टोबर १९२४ रोजीं इटलींतील माँझा येथील शर्यतींत तो अपघातानें गेला. वय अवघें एकोणतीस. त्याचे वडीलहि १९०३ सालीं शर्यतींतच गेले होते, आणि बापलेक दोघांच्याहि हातीं त्या वेळीं मर्सिडीज गाडी होती.

धनी गेल्यावर वाड्यांतील सामान विकावयास निघालें. तेव्हां ही अर्धीमुर्धी मोटार १२५ पौंडांना विकत घेणारा गृहस्थ म्हणजे जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस. अठरा पेनीस एक रुपया ह्या तेव्हांच्या दरानें हे सोळाशें सदुसष्ट रुपये होतात. जगज्जेत्या मोटारीची ही किंमत.

थॉमसचा जन्म १८८४ सालीं वेल्समधील रेक्सम येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो लेलँड कंपनीचा मुख्य इंजिनियर होता. त्यानें काढलेली आठ सिलिंडरांची ‘लेलँड एट’ ही मोटार १९२० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत आली तेव्हां तिच्या कारागिरीची वाहवा झाली. पण तिची किंमत ऐकून गिऱ्हाइकें परत फिरलीं, व अशा मोटारी दीड डझनाच्या आसपासच झाल्या. पुढें थॉमसनें ती मानाची व भरपगारी नोकरी सोडली. लंडनजवळ ब्रुकलँड्स येथें १९०७ सालीं बांधलेला पावणेतीन मैलांचा शर्यतीचा रस्ता होता. त्या रस्त्याच्या वेढ्यांतच एका बंगलींत तो राहूं लागला. लग्न नाहीं, संसार नाहीं. रंगीबेरंगी विणीचा लोकरी सदरा अंगांत आणि हातांत पाना. शर्यती पुष्कळ लोक करीत. पण त्यांतील बहुतेक श्रीमंतांचीं पोरें, ज्यांच्या मोटारी दुसरे दुरुस्त करीत. थॉमस आपली मोटार स्वतः काढी, स्वतः जोडी आणि स्वतःच हांकी. ह्या माणसाच्या योग्यतेचें माप त्याच्या विक्रमापेक्षां ह्या गोष्टींत अधिक आहे.

हायम स्पेशल त्यानें जवळजवळ नवी केली. इंजिनाला चार झेनिथ कार्बुरेटर बसविले, स्वतः आंखलेले पिस्टन घातले, वारा कापण्यासाठीं अंग नव्यानें मढविलें, आणि नांव ठेवलें बॅब्स.

आतां पेंडाइनकडे वळावयाचें. दक्षिण वेल्सच्या कांठीं कार्मार्थनच्या उपसागरांत सात मैल लांबीची सरळ पुळण आहे. ओहोटी लागली म्हणजे भिजलेली वाळू फरशीसारखी घट्ट बसते. इंग्लंडांतले रस्ते वांकडेतिकडे, ब्रुकलँड्सचा रस्ता गोल. तेव्हां सरळ धांवण्यास ह्याहून चांगली जागा नव्हती. परंतु वाळू ती वाळूच. कोठें शिंपल्यांचा थर, कोठें पाण्याचें डबकें, आणि भरतीच्या घड्याळापुढें कोणाचें चालत नाहीं. शिवाय विक्रमाचा नियम असा कीं, ठरलेलें अंतर एकदां जातांना व एकदां उलट येतांना कापावयाचें आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्यावयाची. वाऱ्याच्या पाठबळावर कोणीं फुकट मोठेपण मिळवूं नये म्हणून ही तजवीज.

१९२६ च्या मार्चमध्यें हेन्री सीग्रेव्ह ह्यानें साउथपोर्टच्या किनाऱ्यावर ताशी १५२.३३ मैलांचा विक्रम केला. तो महिना-सवा महिनाच टिकला. २७ एप्रिलला थॉमसनें पेंडाइनला बॅब्स सोडली ती ताशी १६९.३० मैलांवर गेली. दुसऱ्या दिवशीं पुन्हा काढली ती १७१.०२ वर. सोळाशें रुपयांच्या मोटारीनें मागचा आंकडा जवळजवळ एकोणीस मैलांनीं मागें टाकला. इतकी मोठी उडी त्या काळीं कोणींच पाहिली नव्हती.

हें वैभव नऊ महिने राहिलें. ४ फेब्रुवारी १९२७ रोजीं माल्कम कँबेल ह्यानें त्याच वाळूवर आपली ‘ब्लू बर्ड’ ताशी १७४.८८ मैलांनीं पळविली. तिकडे सीग्रेव्ह अमेरिकेंत ह्याहून मोठ्या वेगाची तयारी करीत होता. थॉमसनें मोटारींत कांहीं फेरफार केले आणि तो मार्चच्या आरंभीं पुन्हा पेंडाइनला आला.

३ मार्चला तो वाळूवर उतरला. एका धांवेंत, पूर्ण वेगांत असतां, बॅब्स डगमगली, उलटली, घसरत गेली आणि वळून उभी राहिली. लोक पोंचले तेव्हां थॉमस गेलेला होता. डोक्याला जबर जखम होती. जमिनीवरील वेगाच्या विक्रमामागें लागून प्राण गमावणारा तो पहिला चालक. त्याला ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीट गांवच्या चर्चच्या आवारांत पुरलें, आणि बॅब्सला पेंडाइनच्या वाळूंत. पुढें सव्विसाव्या दिवशीं, २९ मार्चला, सीग्रेव्हनें फ्लोरिडांतील डेटोना येथें ताशी २०३.७९ मैलांचा वेग गांठला. ज्या चार मैलांसाठीं थॉमस वाळूवर उतरला होता, ते आतां कोणाच्या हिशेबींहि राहिले नाहींत.

अपघात कां झाला? मोटारीची उजवी साखळी तुटलेली आढळली. तेव्हां ती भर वेगांत तुटली, तिचा फटका चालकाच्या डोक्यास बसला आणि मोटार बेताल झाली, असा तर्क निघाला. तर्क समजण्यास सोपा होता, ऐकतांच अंगावर कांटा आणणारा होता, म्हणून तो झपाट्यानें पसरला आणि वर्षानुवर्षें छापला गेला. पण त्यांत एक आरोपहि दडलेला होता. साखळीची रचना तेव्हां जुनाट झाली होती. ज्या इंजिनियरनें आयुष्यभर धातूची पारख केली, त्यानें दुसऱ्यानें जोडलेल्या जुन्या साखळ्यांवर जीव टांगला आणि त्यांच्याच मध्यें जाऊन बसला, असा त्याचा अर्थ होत होता. मेलेला माणूस उत्तर देऊं शकत नाहीं. मोटार देऊं शकली असती, पण ती वाळूखालीं होती.

मधल्या काळांत पेंडाइनचें रूप पालटलें. विक्रमवीर मोठ्या मैदानांच्या शोधांत परदेशीं गेले. १९३३ च्या जुलैंत एमी जॉन्सन व तिचा नवरा जिम मॉलिसन ह्यांनीं ह्याच पुळणीवरून अमेरिकेकडे विमान उडविलें, तेवढी एकदांच पुन्हा गर्दी झाली. पुढें दुसरें महायुद्ध आलें आणि किनाऱ्याचा मोठा भाग लष्करानें तोफा-बंदुकांच्या चांचणीसाठीं घेतला. मोटारीची जागा तारेच्या कुंपणाआड गेली. गांवांतल्या म्हाताऱ्यांना ती माहीत होती. तरुणांना ती दंतकथा वाटे.

ओवेन विन ओवेन हे उत्तर वेल्समध्यें डोंगरांतल्या केपल किरिग गांवीं राहत. बँगर येथील टेक्निकल कॉलेजांत ते इंजिनियरिंग शिकवीत. जुन्या मोटारी दुरुस्त करण्याचा त्यांना छंद होता. बॅब्स बाहेर काढावी असें त्यांच्या मनानें घेतलें, तेव्हां पहिली अडचण पहारींची व फावड्यांची नव्हती. जमीन लष्कराच्या ताब्यांत. त्यांची परवानगी मिळविणें प्राप्त होतें. आणि त्याहून कठीण म्हणजे लोकांचें मन. ह्या कल्पनेला विरोध झाला. ज्या मोटारींत माणूस मेला तिला त्याच्या जिवलगांनीं मूठमाती दिली. ती थडग्यासारखीच समजावी, उकरणें हा विटाळ, असें म्हणणारे लोक होते, आणि ते मूर्ख नव्हते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला दोन निराळीं उत्तरें पूर्वींपासून आहेत. मूर्ति भंगली तर तिची पूजा करूं नये, तिचें विसर्जन करावें, असें एक सांगणें. आणि देऊळ पडलें तर त्याचा जीर्णोद्धार करावा, नवें बांधण्यापेक्षां त्यांत पुण्य अधिक, असें दुसरें. बॅब्स ही मूर्ति कीं देऊळ, एवढाच वाद होता म्हणावयाचा! पेंडाइनच्या लोकांनीं १९२७ सालीं तिला मूर्ति मानलें व विसर्जन केलें, तें त्या दुःखाच्या दिवसांत योग्यच होतें. परंतु ज्यांनीं तिला मूठमाती दिली त्यांचें दुःख निवण्यास बेचाळीस वर्षें पुरेशीं होतीं, आणि लोखंडाला मात्र तितकीं वर्षें फार झालीं होतीं. आणखी एक पिढी थांबलें असतें तर उकरावयास कांहीं उरलेंच नसतें. ओवेन ह्यांची बाजू येथें बळकट ठरते. थॉमस बायफ्लीटला पुरलेला आहे. वाळूंत होतें तें त्याचें काम. एखाद्याचें काम झांकून ठेवणें हा त्याचा मान नव्हे.

परवानगी मिळाली, आणि १९६९ सालीं वाळू उपसून मोटार वर काढण्यांत आली. थॉमसला आयुष्य बेचाळीस वर्षांचेंच लाभलें होतें. तो जितकीं वर्षें जगला तितकींच वर्षें त्याची मोटार वाळूखालीं होती, हा निव्वळ योगायोग.

वर आलें तें काय होतें? अंगावरचा पातळ पत्रा खाऱ्या ओलीनें खाऊन टाकला होता. परंतु आंतील यंत्राचे पुष्कळसे भाग दुरुस्तीजोगे निघाले. ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात. वाळूच्या खोल दडपलेल्या थरांत हवेचा शिरकाव कमी, म्हणून जाड पोलाद तेथें बराच काळ तग धरतें. पातळ पत्र्याला मात्र तेवढी ऐपत नसते. शिवाय खारें पाणी आणि दोन निराळे धातु एकत्र आले म्हणजे त्यांचा एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो, आणि दोहोंपैकीं दुबळा धातु झिजत जातो. पोलादाच्या शेजारीं ॲल्युमिनियम असें झिजतें. शाळेंतल्या प्रयोगांत जस्ताची पट्टी विरघळतांना ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

असल्या कामाची रीत बाहेरच्या माणसाला कंटाळवाणी वाटते. गंजून एकजीव झालेला बोल्ट जोरानें फिरविला तर मोडतो, आणि मोडलेला बोल्ट काढण्यास तो फिरविण्याच्या दसपट वेळ जातो. म्हणून त्यावर तेल सोडावयाचें, तापवावयाचें, थांबावयाचें, पुन्हा तेल सोडावयाचें. जो भाग निघाला तो साफ करून मोजावयाचा, त्याचा नकाशा काढावयाचा. आटे झिजले असतील तर भरून पुन्हा पाडावयाचे. जो भाग उरलाच नाहीं तो जुन्या फोटोंवरून अंदाजानें घडवावयाचा. आणि फोटो तर नेहमीं एकाच बाजूनें काढलेले असतात! थॉमसच्या मोटारीचा प्रत्येक खिळा कारखान्यांतल्या यादीप्रमाणें नव्हता. ती तीन-चार मोटारींच्या अवयवांतून आणि एका माणसाच्या डोक्यांतून निघाली होती. तेव्हां अमुक पट्टी तेथें कां आहे हें समजण्यासाठीं थॉमसचा विचार कसा चालला असेल तो पुन्हा करावा लागे. मृत इंजिनियराशीं असा संवाद करण्याचा योग फार थोड्यांना येतो. ओवेन ह्यांनीं तो सुमारें पंधरा वर्षें चालविला, आणि तोहि मुलांना शिकविण्याचें काम संभाळून. ह्या दीर्घ चिकाटीबद्दल शिक्षकवर्गानें थोडा अभिमान बाळगला तर तो कोणीं गर्व समजूं नये.

नवा पत्रा चढविलेली, नवे भाग घातलेली ही मोटार तीच कीं दुसरी, असा प्रश्न विद्वान लोक विचारतात. प्रश्न जुना आहे आणि बॅब्सच्या बाबतींत तो विशेष लंगडा पडतो. झ्बोरोव्स्कीनें बेन्झची गिअरपेटी आणि विमानाचें इंजिन घेतलें. थॉमसनें पिस्टन व अंग बदललें. ओवेन ह्यांनीं कुजलेलें काढून नवें घातलें. ती जन्मापासूनच दुरुस्त होत आलेली मोटार आहे. मूळची, अस्पर्श बॅब्स कधींच नव्हती.

जीर्णोद्धाराच्या निमित्तानें अपघाताच्या कारणाचीहि पुन्हा छाननी झाली. साखळीनेंच चालकाचा घात केला हें मत आतां मागें पडलें आहे. मागचें उजवें चाक प्रथम निकामी झालें, मोटार उलटली व घसरली, आणि थॉमसला प्राणघातक इजा त्या उलटण्यांत झाली, असें आजचे अभ्यासक मानतात. म्हणजे साखळीचें तुटणें हें कारण नव्हे, परिणाम. चाक दगा देतें तेव्हां तें नव्याजुन्या सर्वच मोटारींना देतें. त्यांत जुनाट रचनेवर आंधळा विश्वास ठेवल्याचा ठपका राहत नाहीं. मात्र साखळीची गोष्ट अजून सांगितली जाते, कारण ती अधिक रंगते. शाळेच्या पुस्तकांतून एकदां शिरलेली चूक काढण्यास किती पिढ्या लागतात हें जाणणाऱ्यास ह्याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

दुरुस्त झालेली बॅब्स नुसती कांचेआड ठेवण्याजोगी बाहुली झाली नाहीं. तिचें २७ लिटरांचें इंजिन पुन्हा सुरू झालें आणि ती स्वतःच्या शक्तीनें चालली. १९९६ सालीं पेंडाइनला पुळणीच्या कांठीं वेगाचें संग्रहालय उघडलें. तेथें उन्हाळ्यांत ती प्रेक्षकांसाठीं मांडून ठेवीत. ओवेन २०१२ सालीं वारले. त्यांनीं वाचविलेली मोटार पाहण्यास येणाऱ्यांत, तिला उकरूं नये म्हणणाऱ्यांचीं नातवंडेंहि असतील. ती जुनी इमारत पुढें पाडण्यांत आली आणि तिच्या जागीं नवें संग्रहालय २०२३ सालीं उघडलें.

जुन्या संग्रहालयाच्या दिवसांत हिवाळा आला म्हणजे बॅब्सला पेंडाइनहून हलवीत आणि ब्रुकलँड्सच्या संग्रहालयांत नेऊन ठेवीत. ब्रुकलँड्सची शर्यत १९३९ सालींच कायमची बंद पडली; चढाच्या भिंतीचे तुकडे मात्र शेवाळ धरून उभे आहेत. ह्याच वेढ्यांत थॉमसची बंगली होती, आणि तेथून जवळच बायफ्लीटच्या चर्चच्या आवारांत त्याचें थडगें आहे.